काठवटीमागची कुंभारीण

चिकव्वा, तुझी काठवट अजून खुंटीलाच आहे. पालथी, पोट भिंतीकडं करून, तू टांगलीस तशीच. परवा घरात आलेल्या बायकांपैकी एकीनं ती काढायला हात घातला होता, भाकरीचं पीठ मळायला. मी एवढ्या जोरात "नको" म्हणाले, की ती बिचारी दचकून मागं सरली. तिला वाटलं असेल, तुझी वस्तू म्हणून मी कुणाला हात लावू देत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर तिनं माझीच काळजी केली असती. काठवटीच्या पोटात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलंय, आणि ते रिकामं होईपर्यंत काठवट हलवायची नाही असा तुझा हुकूम आहे. तू गेलीस म्हणून हुकूम काही मोडीत निघत नाही.

म्हणून तुझ्या मागंही या घरात पीठ स्टीलच्या परातीतच मळलं जातंय. परात फरशीवर सरकते, खणखण वाजते. दरवर्षी तू तिला शिव्या द्यायचीस आणि दरवर्षी त्या एवढ्याशा माशीसाठी तीच परात वापरायचीस. हॉटेलवाल्याचा माणूस कडक भाकऱ्या न्यायला दारात उभा असायचा, हायवेवरनं ट्रक घरघरत जायचे, आणि तू गुडघ्यानं परात दाबून धरत म्हणायचीस, "बाळंतीण हाय ती. तिला उठवून मी पीठ मळू व्हय?"

आज दुपारी मी त्याच जागी बसलेय, चुलीशेजारी, खिडकीसमोर. ऊन फरशीच्या तिसऱ्या चौकोनात आलंय. तुझी दुपार या चौकोनात सुरू व्हायची आणि उंबऱ्यापाशी संपायची. लहानपणी मला वाटायचं, ऊन तूच ओढत नेतेस, भाकऱ्यांची टोपली सरकवता सरकवता.

मी तुझी नव्हते. हे सगळ्या नळदुर्गाला माहीत होतं, आणि माझ्यापासूनही कुणी लपवलं नव्हतं. माझी अव्वा, जन्म देणारी आई, मुरुमला. तू तिची धाकटी बहीण, म्हणून माझी चिकव्वा. आपल्या घरांत बोलणं मराठी झालं तरी नाती कानडीतच राहिली. तुला मूल नव्हतं, अव्वाला आम्ही बरेच होतो. तिनं मला तुझ्याकडं आणून सोडलं आणि म्हणाली, "चार दिवस ऱ्हाऊ दे." त्या चार दिवसांत माझे दुधाचे दात पडले, शाळा झाली, परकर जाऊन साडी आली. ओटीत घातलं असं कुणी म्हणालं नाही, परत दे असंही कुणी म्हणालं नाही. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत, आणि तू मात्र शेवटपर्यंत त्या चार दिवसांच्या बोलीला धरून राहिलीस.

"मला अव्वा म्हणू नगं," तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा तू माझी वेणी घालत होतीस, त्यामुळं मला तुझं तोंड दिसलं नाही.

"का?"

"तुझी अव्वा मुरुमात जित्ती हाय. जित्त्या माणसाची हाक दुसऱ्यानं घ्यायची नसती. तू माझ्याकडं अमानत हायस, गिरजे."

अमानत म्हणजे काय हे मला कळत नव्हतं. मला वाटलं, ते काहीतरी खाऊचं नाव असावं. अमानत म्हणजे दुसऱ्याची सांभाळायला ठेवलेली ठेव, हे पुढं कळलं तेव्हा मी तुझ्यावर आठवडाभर रुसले. तू रुसवा काढायला शेंगाची पोळी केलीस, पण शब्द मागं घेतला नाहीस.

मग श्रावणातलं ते मठातलं प्रवचन. तू मला मांडीवर घेऊन मागं खांबाला टेकून बसली होतीस. स्वामी सांगत होते, कुंभारीण माशी कुठूनतरी एक अळी उचलून आणते, मातीच्या खोलीत कोंडते आणि बाहेर बसून तिच्याभोवती गुणगुणत राहते. आत अळीला त्या माशीचाच ध्यास लागतो. ध्यास लागता लागता अळीचं अळीपण जातं, तिला पंख फुटतात, आणि खोली फोडून बाहेर येते ती माशीच. भक्ताचंही तसंच, असं पुढं काहीतरी होतं. भक्ताचं मी ऐकलंच नाही. मला माझं उत्तर मिळालं होतं.

घरी येताना मी विचारलं, "मग मी बी तुझ्यासारखी होईन?"

"व्हशील की. ध्यान लावशील तर."

तू गमतीनं म्हणालीस. मी दुसऱ्याच दिवशी दुपारी कामाला लागले. उंबऱ्यात मांडी घालून बसले आणि तुझ्याकडं डोळे फाडून बघत राहिले. तू थापतेस, मी बघतेय. तू उलटतेस, मी बघतेय. पापणी लवली तर सगळं पहिल्यापासून, असा माझा नियम होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तू शेवटी थापायची थांबलीस.

"अय्यो, काय झालं गं? धूर लागला का?"

"बोलू नको. ध्यान लावतेय."

तू एवढी हसलीस की हातातला उंडा परातीत पडला आणि पीठ उडून तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. पण हसून झाल्यावर मला उठवलं नाहीस. परत थापायला लागलीस आणि परत तुझं ते सुरू झालं. ते म्हणजे गाणं नव्हतं. त्याला शब्द नव्हते, चालही धड नव्हती. नाकातून येणारा एक बारीक, गोल आवाज, भाकरीच्या कडेकडेनं फिरणारा. थापणं थांबलं की तोही थांबायचा. आमच्या गल्लीत सगळ्यांना तो ठाऊक होता, तुला सोडून.

"मी कवा गुणगुणते?" तू दरवेळी म्हणायचीस. "मला काय येड लागलंय का चुलीपुढं गायाला?"

त्या घरात आपण दोघीच राहत होतो असं लोकांना वाटायचं. तुझे मालक, माझे चिकप्पा, लवकर गेलेले. पण घर भरलेलं होतं. उंबऱ्याच्या फटीतून मुंग्या यायच्या, वाटेत तू बोट पुसलंस तर क्षणभर गोंधळून पुन्हा तीच वाट शोधून काढायच्या. खिडकीच्या काचेवर पाल पोट चिकटवून उभी राहायची. एवढ्या गुळगुळीत काचेवर ही पडत कशी नाही म्हणून तू तिच्या पायांकडं बाहेरून बघायचीस, मला उचलून दाखवायचीस. कोळ्याचं जाळं मोडलंस की दुसऱ्या सकाळी नवं तयार असायचं, आणि तू झाडू हातात घेऊन म्हणायचीस, "ह्याला आळस म्हणून ठावं न्हाय." दुपारी सगळं नळदुर्ग पेंगत असताना तू या सगळ्यांची कामं तपासत बसायचीस.

पण त्यातली तुझी लाडकी कुंभारीणच. केसाएवढ्या कमरेची, काळ्या-पिवळ्या अंगाची. मोरीपाशी ओल्या मातीची गोळी करायची, तोंडात धरून खिडकीतून आत यायची आणि काठवटीमागं गडप व्हायची. मग आतून तो आवाज. तू मला गप्प करायचीस आणि आपण दोघी कान भिंतीला लावायचो. भिंतीतून एखादा लहानसा तंबोरा वाजावा तसं वाटायचं. मला त्या आवाजात झोप यायची.

एकदा मी पाण्याचा माठ खिडकीखालून उचलून मोरीकडं ठेवला, फरशी पुसायला. कुंभारीण तोंडात गोळी घेऊन आली आणि खोलीच्या मध्येच घुटमळायला लागली. काठवट समोर होती. जागेवरच होती. पण ती माठाच्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिली, वर गेली, खाली आली, परत खिडकीबाहेर जाऊन पुन्हा आत आली. तू हात धुतलेस, माठ उचललास आणि बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही, असा जागच्या जागी ठेवलास. माशी सरळ काठवटीमागं गेली.

"खूण हाय तिची ती," तू म्हणालीस. "डोक्यात खसखशीएवढा मेंदू असंल, पर सगळं घर त्यात ठेवलंय बघ."

मग मी सोलापूरला कॉलेजात गेले आणि शास्त्र घेऊन परत आले. दिवाळीच्या सुट्टीत एक जुनं, भोक पडलेलं घर मी केसांच्या पिनेनं खरवडून तुझ्यापुढं ठेवलं. आत अळीची वाळलेली साल होती आणि एक पोकळ कोष. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, की अळीची माशी होत नाही. कुंभारीण अळीला नांगी मारून सुन्न करते. मारत नाही, म्हणजे ती ताजी राहते. खोलीच्या छताला बारीक दोऱ्यानं आपलं अंडं टांगते. ते फुटलं की आतलं पिल्लू त्या अळ्या खाऊन मोठं होतं. बाहेर येते ती तिचीच मुलगी. अळी कधीच माशी होत नाही.

तू ती साल तळहातावर घेतलीस. बराच वेळ बघितलीस.

"म्हंजे अळी शिदोरी?"

"हो."

"आन् ती माय? ती परत येती का बघायला?"

"नाही. दार लिंपलं की गेली. पिल्लू तिला कधीच बघत नाही."

तू साल फुंकून टाकली नाहीस, तुळशीच्या मातीत ठेवलीस. त्या रात्री जेवताना मात्र एकदम म्हणालीस, "बरं झालं, तू अळी न्हवतीस." मी हसले. पण आत काहीतरी खाली बसलं. कारण अळीची माशी होत नसेल, तर उंबऱ्यात बसून लावलेलं माझं ध्यान वायाच गेलं म्हणायचं. मी जन्मभर अमानतच राहणार. माझ्या हातांनीच मी माझी बाजू पाडली होती, आणि ते तुलाही कळलं होतं असं मला अजून वाटतं.

तू हार मानणारी नव्हतीस. आठवड्यानं तुझा फोन. "गिरजे, तुझ्या शास्तरात एक भोक ऱ्हायलंय."

"कुठलं?"

"अळी नुसती शिदोरी असंल तर कुंभारीण गुणगुणती कशाला? शिदोरीपुढं कुणी गातं व्हय?"

"तू गातेस की. भाकरीपुढं."

"मी गात न्हाय!"

हे भांडण आपण किती वर्षं चालवलं, चिकव्वा. माझं लग्न झालं, तुळजापूरच्या शाळेत नोकरी लागली, मुलं झाली. फोनवर सगळ्यांची विचारपूस झाली, भाव-पाणी झालं, की शेवटी तुझा प्रश्न यायचाच. सापडलं का? मी म्हणायचे, पंखांचा आवाज असतो तो, उडताना होतोच. तू म्हणायचीस, उडताना न्हाय, बसल्यावर गुणगुणती, मी कान लावून ऐकलंय. आणि तू खरं बोलत होतीस. बसल्यावरच गुणगुणते.

उत्तर मला गेल्या आठवड्यात सापडलं. मुलांना शिकवायचं म्हणून वाचत होते आणि एका पानावर थांबले. मातीचं घर करणाऱ्या काही माश्या ओली गोळी भिंतीला लावताना अंग थरथरवतात. पंख मिटलेलेच, पण आतले स्नायू चालू. तो थरकाप जबड्यातून मातीत उतरतो. माती त्यानं सैल होते, क्षणभर पातळ होऊन पसरते आणि आधीच्या वाळलेल्या कडेला धरते. थरथर थांबली की घट्ट. आपल्याला जे गुणगुणणं ऐकू येतं ते हे. ते अळीसाठी नाहीच. ते भिंतीसाठी आहे. त्याच्याशिवाय जोड बसत नाही.

मी तुला लगेच फोन लावला. "सापडलं," म्हणाले.

"काय गं? सांग की."

"फोनवर नाही. रविवारी येते. काठवटीपाशी उभं राहून सांगते."

"ये. येताना माझं गुडघ्याचं तेल आण. इथलं काय कामाचं न्हाय."

तेलाची बाटली अजून माझ्या पिशवीत आहे. रविवार उगवलाच नाही आपल्यासाठी. शेजारणीनं सांगितलं, तू याच भिंतीला टेकून बसली होतीस, पुढ्यात परात, हाताला पीठ. तिला वाटलं डुलकी लागली.

मी आले तेव्हा तुला अंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून पाटावर बसवलं होतं. आपल्या लिंगायतांत निजवत नाहीत हे मला माहीत होतं, तरी तुला तशी ताठ बसलेली बघून मला आधी वाटलं, तू आता म्हणशील, "आलीस व्हय? तेल आणलंस का?" शेताच्या कडेला जमिनीत खड्डा, आणि खड्ड्याच्या आत भिंतीत कोरलेली एक लहान खोली. तिथं तुला मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. तू त्या खोलीत इतकी नेमकी मावलीस. मग माती लिंपायला लागले. मला रडू येत नव्हतं. मी त्या मातीच्या दाराकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच येत होतं, या खोलीबाहेर आता गुणगुणायला कोण बसणार?

विधी करणाऱ्या अय्यांनी बेल वाहायला पुढं बोलावताना विचारलं, "लेकरू कोण यांचं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग तुझ्या दिरांपैकी कुणीतरी म्हणालं, "लेकरू न्हाय. भाची हाय. लेकरासारखीच."

त्यांनी मायेनंच म्हटलं. पण त्या "सारखीच"नं मला आख्खा दिवस टोचलं. मुरुमची अव्वा माझ्या शेजारीच उभी होती, पदर तोंडात धरून. मी बेल वाहिला, भाचीचा.

बाकीची माणसं गेली. अव्वा राहिली. आता तिचंही वय झालंय, बोलणं आधीपासूनच कमी. आम्हा दोघींना एका घरात राहायची सवय नाही. ती अंगणात बसते, मी आत बसते. तू असतीस तर दोघींमध्ये बडबड करून वाट पाडली असतीस.

आज सकाळी मी तिच्यासाठी भाकरी करायला बसले. तुझ्या मागं या चुलीवरची माझ्या हातची पहिली. परात गुडघ्यानं दाबली. गरम पाणी घातलं, पीठ मळलं, थापायला घेतलं. माझी भाकरी तुझ्यासारखी कडेला न तडकता कधी येत नाही, तुला माहीत आहे. खिडकीतून ऊन आलं होतं. कुंभारीण आली, माठावरून वळून काठवटीमागं गेली. तिला तुझं काहीच कळलेलं नाही, या विचारानं मला बरं वाटलं. मी थापत राहिले. डोकं कुठंतरी दूर गेलं होतं, उंबऱ्यातल्या त्या दुपारी.

"निले?"

अंगणातून हाक आली. मग पायांचा आवाज. अव्वा दारात येऊन उभी राहिली, चौकटीला धरून, ओल्या हातांनी. माझ्याकडं बघत होती आणि तिला मी दिसत नव्हते.

"निले," ती पुन्हा म्हणाली. तुझ्या नावानं. मग तिचे डोळे भानावर आले. "मला वाटलं, निली उठली."

"काय झालं अव्वा?"

"तू गुणगुणत होतीस."

"मी? मी नाही गुणगुणत."

अव्वाच्या तोंडावर काय आलं ते हसू होतं की रडू, मला अजून ठरवता येत नाही. "ती बी असंच म्हणायची," ती म्हणाली.

मग ती उंबऱ्यात बसली. माझ्या जागेवर. आणि तिच्या आयुष्यात ती माझ्याशी जेवढं बोलली नसेल तेवढं बोलली. "तुला न्यायला आलते मी एकदा. ठावं न्हाय तुला. तुझ्या चिकव्वाला बी न्हाय. चार दिवस म्हणलं होतं ना. तुझे कपडे भरायला पिशवी बी आणली होती. मागच्या दारानं आले. तर तू हितं बसलेली, अशी मांडी घालून. आन् तिच्याकडं बघत होतीस. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पर पापणी हलंना. आन् ती हसती, थापती, गुणगुणती. दोघींतल्या एकीला बी माझी चाहूल लागली न्हाय." ती थांबली. "मी तशीच परत गेले. मुरुमची गाडी धरली. कुणाला नेणार होते मी?"

माझे हात पिठात होते. चिकव्वा, ते ध्यान लागलं होतं. तुला कळलं नाही, मला कळलं नाही, पण ज्या माणसाच्या हाकेसाठी तू मला जन्मभर अडवलंस, तिला त्याच दुपारी मागच्या दारातून कळलं होतं. अळीची माशी होते की नाही, हे मी मुलांना शास्त्राप्रमाणंच शिकवीन. पण जोड कशानं बसते ते तुला सांगायचं राहिलं होतं, म्हणून हे सगळं.

जळका वास आला. तव्यावर भाकरी काळी पडली होती. मी घाईनं ती उचलली, बोट भाजलं, आणि समोर खुंटीवरच्या काठवटीकडं बघत म्हणाले, "अव्वा, करपली की गं."

मुरुमची अव्वा उंबऱ्यातच बसली होती. तिनं ऐकलं. तिनं ओ दिली नाही.